सेल्फ ‘टक’ म्हणतो तेव्हा: जुन्या क्रॉसओव्हरच्या वायरिंगची पहिली ओळख

जुलैतला रविवार, सकाळचे साडेसहा. ताम्हिणीला जायचं म्हणून डबे भरलेले, मुलं मागच्या सीटवर बसलेली, आणि पुण्यात कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीने नुसतं ‘टक’ केलं. सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, फिरलाच नाही. डॅशबोर्डवर मात्र एबीएस (ब्रेकची यंत्रणा), एअरबॅग, स्टिअरिंग, चेक इंजिन असे सगळे दिवे एकदम लागले. बॅटरी तीनच महिन्यांपूर्वी नवी टाकलेली. त्याच्या आधी एका गॅरेजने ‘डायनामो गेलाय’ म्हणून अल्टरनेटर (चालू गाडीत बॅटरी चार्ज करतो तो) खोलून दुरुस्त केलेला. दोन्ही मिळून सोळा हजारांच्या आसपास गेले होते आणि दुखणं होतं तिथेच होतं.

शेजाऱ्यांच्या ओळखीने नाना पेठेतले एक वायरमन काका स्कूटरवर आले. साठीचे, शर्टाच्या खिशात टेस्ट लॅम्प, म्हणजे करंट येतो का दाखवणारा छोटा दिवा. बॉनेट उघडल्यावर त्यांनी बॅटरीवरून नुसती नजर फिरवली. माझ्याच डिकीतली जंपर केबल मागून घेतली, काळ्या केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं आणि दुसरं इंजिन उचलायच्या हुकाला.

“मारा सेल्फ.”

पहिल्या फटक्यात चालू.

“साहेब, बॅटरी झकास आहे. करंटला परत यायला रस्ता नाहीये.”

मग गिअरबॉक्सच्या बाजूने खाली हात घालून त्यांनी बोटभर रुंदीची, तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी काढून दाखवली. बाहेरून नुसती काळपट दिसत होती. वाकवली तशी आतून हिरवी पूड गळाली आणि अर्ध्या तारा हातात आल्या. ही अर्थची, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणारी पट्टी. नवी पट्टी, बोल्टखालचा गंज खरवडणं आणि त्यांची मजुरी धरून साडेचारशे रुपये झाले.

तेव्हापासून मी मीटर लावल्याशिवाय पार्ट बदलू देत नाही. ज्यांनी नुकतीच आठ-दहा वर्षं जुनी क्रॉसओव्हर (कारच्या बांधणीची, पण एसयूव्हीसारखी उंच गाडी) घेतली आहे आणि वायरिंग म्हटलं की ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी मेकॅनिक नाही. पण यातलं बरंचसं काम घरी करण्यासारखं आहे, आणि उरलेलं कोणाकडून करून घ्यायचं हेही कळायला हवं.

या गाड्यांचं वेगळेपण

आपल्याकडे ही जात रुळली ती साधारण २०११-१२ पासून. एक्सयूव्ही ५०० आपल्याच चाकणहून आली, मग २०१२ मध्ये डस्टर, २०१३ मध्ये इकोस्पोर्ट, २०१५ मध्ये क्रेटा, २०१६ मध्ये ब्रेझा, आणि २०१७ मध्ये रांजणगावची नेक्सॉन. म्हणजे आज सेकंडहँड बाजारात जे दिसतं त्यातलं बरंच काही आठ ते चौदा वर्षांचं आहे. इंजिनं अजून ठणठणीत असतात. वायरिंगचं वय मात्र वेगळ्या हिशेबाने वाढतं: इंजिनाची उष्णता, चार महिन्यांचा पाऊस, उंदीर, आणि आधीच्या मालकाची हौस.

मारुती ८०० मध्ये दिवा लागला नाही तर बल्ब, फ्यूज, वायर यापलीकडे जायची गरज नव्हती. या गाड्यांत इंजिनाचा, एबीएसचा, एअरबॅगचा, स्टिअरिंगचा, दारं-काचांचा असे वेगवेगळे छोटे कॉम्प्युटर असतात आणि ते दोन पिळलेल्या तारांवरून एकमेकांशी बोलत असतात. सेल्फ मारताना व्होल्टेज फार खाली गेलं की यातले काही जण क्षणभर बेशुद्ध पडतात. बाकीचे लगेच तक्रार नोंदवतात की अमक्याचा आवाज येईना. त्या तक्रारींचे दिवे डॅशबोर्डवर लागतात. म्हणून एकदम पाच दिवे लागले तर पाच पार्ट गेले असं समजू नका. बहुतेक वेळा एकच गोष्ट बिघडलेली असते, आणि ती बॅटरी, तिचं टर्मिनल किंवा अर्थ यांच्यापैकी असते.

आधी हत्यारं

डिजिटल मल्टीमीटर घ्या. तपकीर गल्लीत काही शे रुपयांत मिळतो, आणि आपल्या कामाला तो पुरतो. फक्त त्याला १० अँपिअरचं वेगळं भोक आहे ना, ते बघून घ्या. सोबत दहा नंबरचा पाना (बॅटरीचं टर्मिनल बहुधा त्यानेच सुटतं), टेस्ट लॅम्प, पॉलिश पेपर, जंपर केबल आणि फ्यूजचा एक मिक्स पुडा. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात बसणारं, बिघाडाचे कोड मोबाइलवर दाखवणारं ब्लूटूथ ओबीडी डोंगल असेल तर उत्तम, पण त्याचं काम शेवटी येतं. बरेच जण तिथूनच सुरुवात करतात आणि फसतात.

दोन गोष्टी अगदी पहिल्याच दिवशी लक्षात ठेवा. पिवळे कपलर (वायरी जोडायचे प्लास्टिकचे जोड) आणि पिवळ्या टेपमधल्या वायरी एअरबॅगच्या असतात. त्यांना मीटर किंवा टेस्ट लॅम्प लावायचा नाही, काहीही झालं तरी. आणि बॅटरी सोडवताना आधी मायनस, जोडताना मायनस शेवटी. उलटं केलंत आणि प्लस सोडवताना पाना बॉडीला टेकला, तर थेट शॉर्ट होतो. पाना लाल होईपर्यंत सुटत नाही.

पहिली पायरी: बॅटरी

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर, सकाळी दार उघडून दिवे लागायच्या आत मोजलेला आकडा खरा. आदल्या रात्रीच बॉनेट नुसतं टेकवून ठेवलं तर सोपं जातं. मीटर २० व्होल्ट डीसीवर, लाल दांडी प्लसला, काळी मायनसला. १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली म्हणजे ती उपाशी आहे. उपाशी बॅटरी आणि मेलेली बॅटरी यांत फरक आहे. आधी चार्ज करून बघा. सोसायटीतून डेक्कनपर्यंत पाच किलोमीटर आणि परत, एवढंच जिचं आठवड्याचं फिरणं आहे, ती गाडी बॅटरी पूर्ण कधी भरूच देत नाही. घरून काम सुरू झाल्यापासून हे फारच वाढलंय.

आता दुसरा आकडा. मीटर तसाच लावून ठेवा, मोबाइलवर मीटरचा व्हिडिओ सुरू करा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. व्हिडिओ हळू चालवून सगळ्यात खालचा आकडा पाहा. साधारण ९.६ च्या खाली जात असेल, आणि आधी बॅटरी भरलेली होती, तर बॅटरी थकली आहे. वरच्या स्टिकरवर किंवा कोरलेल्या नंबरात तारीख असते. तीन ते पाच वर्षं झाली असतील तर भांडू नका, बदला. गाडीला सिग्नलवर आपोआप बंद-चालू होण्याची सोय असेल तर बॅटरीही त्याच जातीची, म्हणजे ईएफबी किंवा एजीएम लागते. तिथे साधी टाकली तर लवकर जाते.

टर्मिनल हाताने पिळून पाहा. जरा जरी फिरलं तरी ते ढिलं आहे. पांढरी-हिरवी पूड साचली असेल तर मायनस, मग प्लस काढून गरम पाण्यात खायचा सोडा टाकून ब्रशने धुवा, कोरडं करा, आतली बाजू पॉलिश पेपरने चमकवा, घट्ट करून वरून व्हॅसलिनचा हात फिरवा. ग्रीस-व्हॅसलिन आधी चोपडून मग टर्मिनल बसवणारेही पाहिलेत. तसं करू नका. शिशाला शिसं कोरडंच भिडू द्या.

दुसरी पायरी: चार्जिंग

गाडी चालू करून पुन्हा बॅटरीवर मोजा. साधारण १३.८ ते १४.५ यायला हवं. मग हेडलाइट, एसीचा ब्लोअर, मागच्या काचेचा डिफॉगर लावा. आकडा थोडा खाली येऊन सावरला तर अल्टरनेटर कामात आहे. १३ च्या खाली घसरून तिथेच राहिला तर आधी अल्टरनेटर फिरवणारा पट्टा बघा, मग अल्टरनेटरच्या मागची जाड वायर, आणि मग अल्टरनेटर. १५ च्या वर गेला तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय. अशी गाडी लांब चालवू नका, बॅटरी उकळते आणि बल्ब पटापट जातात.

काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर हुशार असतो. बॅटरी भरली की तो इंधन वाचवायला व्होल्टेज मुद्दाम उतरवतो. तेव्हा १२.८ पाहून घाबरू नका, हेडलाइट लावून परत पाहा.

रस्त्याकडेच्या एका जुन्या चाचणीपासून मात्र दूर राहा: इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढायचं, गाडी चालू राहिली तर डायनामो चांगला. अँबॅसिडरच्या काळात हे खपून जायचं. आता त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि कॉम्प्युटर जळू शकतो. कोणी टर्मिनलला हात घातला तर सरळ “राहू द्या काका” म्हणा.

तिसरी पायरी: अर्थ

इथे जरा रेंगाळतो, कारण माझे पैसे इथे बुडाले.

करंट बॅटरीच्या प्लसमधून वायरीने जातो, पण परत येतो तो बहुतांशी गाडीच्या लोखंडातून. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून इंजिन आणि बॉडी जोडायला ती विणलेली पट्टी किंवा जाड काळी केबल लागते. ती खाली असते, चिखलात भिजते, आणि तिच्या बोल्टखाली गंज धरतो. दिवे, रेडिओ यांना करंट थोडा लागतो, ते चालतात. सेल्फला शेकडो अँपिअर लागतात, तिथे ती पट्टी हात टेकते. म्हणूनच ‘दिवे तर लखलखीत लागतायत, मग बॅटरी कशी गेली?’ हा प्रश्न पडतो.

चाचणी फार सोपी आहे. मीटर २० किंवा २ व्होल्ट डीसीवर. एक दांडी बॅटरीच्या मायनस खांबावर, खांबाच्याच शिशावर, टर्मिनलच्या पट्ट्यावर नाही. दुसरी इंजिनच्या स्वच्छ, रंग नसलेल्या धातूवर. मोबाइल मीटरवर रोखून सेल्फ मारा. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर अर्थ चांगला. ०.५ च्या वर असेल तर शोधायला लागा. माझ्या गाडीच्या जुन्या पट्टीवर हे कधी मोजलंच गेलं नाही. मोजलं असतं तर बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही वाचले असते.

तसंच मायनस खांब ते बॉडी असंही मोजा. आणि हात पोचत असेल तर प्लस खांब ते सेल्फचा जाड बोल्ट. तिथे ०.५ पर्यंत चालतं. मीटर जवळ नसेल तर काकांची जंपर केबल आहेच.

दुरुस्तीत एकच गोष्ट महत्त्वाची: बोल्ट काढा, पट्टीची थिंबल (टोकाची धातूची कडी) आणि खालची जागा चमकेपर्यंत घासा, परत घट्ट आवळा, आणि मग वरून ग्रीस. नुसता बोल्ट आणखी आवळला तर गंज तसाच दाबला जातो आणि महिन्याभराने पुन्हा तेच.

हेडलाइट मंद, इंडिकेटर दिला की मागचा ब्रेकचा दिवाही लुकलुकतो, हॉर्न वाजवला की वायपर अडखळतो: असे भुताटकीचे प्रकार दिसले की त्या-त्या भागाचा अर्थ आधी बघा. टेल लॅम्पच्या भुताचं घर बहुतेक वेळा डिकीच्या कोपऱ्यातल्या एका बोल्टखाली असतं.

चौथी पायरी: रात्रीत बॅटरी पिणारा चोर

आठवडाभर उभी ठेवली की गाडी चालू होत नाही, रोज चालवली की काही तक्रार नाही. अशी गाडी झोपेत करंट पीत असते. थोडा करंट सगळ्याच पितात, घड्याळ आणि लॉकसाठी. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. हिशेब करून पाहा: ५० मिलिअँपिअरने दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात, ४५ अँपिअर-तासाची बॅटरी अर्धी व्हायला अठरा-एकोणीस दिवस लागतात. तोच करंट ३०० झाला तर तीन दिवसांत अर्धी बॅटरी गायब.

मोजायचं असं. सगळं बंद करा, चावी गाडीपासून लांब ठेवा (चावी आत राहून गाडी स्वतःहून लॉक झाली तर पंचाईत, म्हणून एक काच खाली). बॉनेटचं आणि एका दाराचं लॉक स्क्रूड्रायव्हरने दाबून ‘बंद’ करून ठेवा, म्हणजे दार उघडं असूनही गाडीला ते बंद वाटेल. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात. मायनस केबल सोडवा आणि मीटर तिच्या आणि खांबाच्या मध्ये लावा. सुरुवातीला आकडा मोठा येईल, कारण सगळे कॉम्प्युटर दचकून जागे झालेले असतात. चहा घेऊन या. अर्ध्या-पाऊण तासाने ते झोपतात, तेव्हाचा आकडा खरा. या जोडणीत सेल्फ मारायचा नाही, चावीही फिरवायची नाही. मीटरचा फ्यूज उडेल किंवा मीटरच जळेल.

आकडा जास्त असेल तर फ्यूज एकेक काढत बसण्यापेक्षा मीटर मिलिव्होल्टवर आणून, मायनस परत जोडून, गाडी पुन्हा झोपली की प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर दांड्या टेकवा. शून्य आलं तर तिथे करंट नाही. काही आलं तर चोर त्या रांगेत. फ्यूज काढला की गाडी पुन्हा जागी होते, ही कटकट यात वाचते.

चोर कोण निघतात? डिकीतला न विझणारा दिवा, चिकटलेला रिले (करंटवर चालणारा स्विच), अल्टरनेटरचा बिघडलेला डायोड, आणि सगळ्यात जास्त वेळा बाहेरून बसवलेलं काहीतरी. डॅशकॅम, अँप्लिफायर, दाराच्या पायरीवरचे निळे दिवे. माझ्या गाडीत डॅशबोर्डखाली काळ्या टेपमध्ये गुंडाळलेला एक जीपीएस ट्रॅकर सापडला. आधीच्या मालकाला फोन केला तर तो म्हणाला, “अरे हो, तो राहिलाच की!” दोन वर्षं मी कुठे जातो हे कोणाच्या तरी सर्व्हरला माहीत होतं.

फ्यूज आणि हौशी कारागिरी

फ्यूजचे रंग ठरलेले आहेत: ७.५ तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पारदर्शक, ३० हिरवा. जुनी गाडी घेतली की झाकणावरचा तक्ता समोर धरून एकदा सगळे फ्यूज जुळवा. १० च्या जागी ३० चा हिरवा दिसला तर आधी कोणीतरी शॉर्ट ‘सोडवलेला’ आहे. फ्यूज उडतो तो वायर वाचवायला. मोठा घातला की फ्यूजऐवजी वायर जळते, आणि ती कार्पेटखाली असते.

हेडलाइटचंही तसंच. एचफोर बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. कोणीतरी १००/९० वॅटचा घातलेला असतो, जो रस्त्यावर कायद्याने चालत नाही आणि एका दिव्यामागे पाचऐवजी आठ अँपिअर ओढतो. त्याचा होल्डर हळूहळू भाजतो. बल्ब काढताना प्लास्टिकचा कपलर तपकिरी, कुरकुरीत झालेला दिसला तर नुसता बल्ब बदलून उपयोग नाही. होल्डर बदला आणि बल्ब मूळ वॅटचा घाला. उजेड कमी वाटला तर आधी काच पॉलिश करा आणि हेडलाइटचा अर्थ बघा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

पाऊस, पानं, उंदीर

पुढच्या काचेखाली, वायपरच्या जाळीमागे एक पन्हळ असते. गुलमोहराखाली गाडी लावणाऱ्यांनी ती मे महिन्यात साफ करावी. पानांचा लगदा झाला की पाणी साचतं आणि ब्लोअरमध्ये किंवा आतल्या फ्यूजबॉक्सकडे उतरतं. सनरूफ असेल तर त्याच्या चार कोपऱ्यांतल्या नळ्या तुंबतात आणि पाणी खांबातून कार्पेटखाली जातं. सनरूफच्या कडेच्या खाचेत ग्लासभर पाणी ओता. चाकाजवळ खाली टपकलं तर नळी मोकळी. पायाखाली ओल आली तर गाडी लवकर दाखवा, कारण बऱ्याच गाड्यांत जाड वायरिंग त्याच कार्पेटखालून जातं.

बुडालेली गाडी ओळखता आली पाहिजे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला आलेल्या पुरात अरण्येश्वर, सहकारनगर भागात गाड्या अक्षरशः एकमेकींवर चढल्या होत्या. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पार्किंग पाण्यात गेलं. अशा गाड्या धुऊन-पुसून कुठेतरी विकल्या जातातच. धुतलेल्या कपलरच्या आतल्या पिना मात्र सहा-आठ महिन्यांनी हिरव्या पडायला लागतात, आणि मग रोज एक नवा बिघाड. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते. सीटचे रूळ, स्टेपनीचा खड्डा, डॅशबोर्डखालच्या लोखंडी पट्ट्या टॉर्चने पाहा. अत्तराचा वास फार असेल तर जास्तच नीट पाहा.

उंदरांबद्दल रामबाण माझ्याकडे नाही. डांबराच्या गोळ्या, तंबाखूची पानं, बाजारातला स्प्रे, सगळं करून झालं. खरा फरक पडला तो गाडी रोज हलवल्याने आणि कचऱ्याच्या डब्यापासून लांब लावल्याने. कुरतडलेली वायर नुसती पिळून टेप मारू देऊ नका. सोल्डर किंवा नीट दाबलेला जोड, वर स्लीव्ह, मग टेप.

लक्षण बघून अंदाज

हॉर्न वाजत नाही, स्टिअरिंगवरची बटणं मेली आणि एअरबॅगचा दिवा लागला, तिन्ही एकत्र असेल तर स्टिअरिंगच्या आतली गुंडाळीची पट्टी, म्हणजे क्लॉक स्प्रिंग. ते काम एअरबॅग उतरवून करायचं असतं, घरी नाही. एअरबॅगचा एकटाच दिवा, तोही सीट मागेपुढे केल्यावर, तर सीटखालचा पिवळा कपलर हललेला असतो. पाहा, पण दाबत बसू नका.

ब्लोअर फक्त चारवर चालतो, एक-दोन-तीनवर मुका? ब्लोअरचा वेग कमी करणारा रेझिस्टर. स्वस्त पार्ट, ग्लोव्हबॉक्समागे असतो. यासाठी ब्लोअर मोटर बदलून घेणारे दोघं मला माहीत आहेत.

बटण स्टार्ट गाडी ब्रेक दाबूनही ऐकत नाही, किंवा मध्येच ट्रॅक्शनचा (चाक घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागतो: मागे कोणाला तरी उभं करून ब्रेकचे दिवे लागतात का पाहा. ब्रेक पेडलवरचा छोटा स्विच गेला की तीन-चार यंत्रणा एकदम गोंधळतात. बटण स्टार्टच्या चावीचा सेल बदलायलाही विसरू नका, बहुतेकींत सीआर २०३२ असतो.

एका दाराची काच कधी चालते कधी नाही, दार अर्धं उघडलं की चालते: दार आणि खांब यांच्या मधल्या रबरी नळीत वायर तुटलेली आहे. डिकीच्या झाकणाचंही तसंच, तिथे नंबर प्लेटचा दिवा, मागचा वायपर, कॅमेरा जातो. डिझेल गाडी फक्त डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे कुरकुरत असेल तर थंड इंजिन आतून तापवणारे ग्लो प्लग. ट्रॅफिकमध्ये उभी असताना एसी गरम हवा फेकतो आणि चालताना थंड, तर रेडिएटरच्या फॅनचा हळू वेग गेलेला असू शकतो. चिखलातून आल्यावर एबीएसचा दिवा लागला तर चाकाचा सेन्सर आधी धुऊन पाहा.

डोंगल आता लावा

आकडे ठीक आले, अर्थ ठीक आला, तरीही दिवा जात नाही. आता कोड वाचा. पी ०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी. यू ने सुरू होणारे कोड म्हणजे कोणीतरी बोलायचं थांबलं. बॅटरी उतरलेल्या गाडीत यू चे आठ-दहा कोड ढिगाने मिळतात, त्यांचे फोटो काढा, पुसा, दोन दिवस चालवा. परत जो येईल तोच खरा. आणि कोडमध्ये सेन्सरचं नाव आलं म्हणजे सेन्सरच गेला असं नाही, त्याची वायर आणि कपलरही त्याच नावात येतात. कपलर काढून आत टॉर्च मारायला पैसे लागत नाहीत.

काम कोणाला द्यायचं

अर्थ, वायरिंगचे जोड, सेल्फ, अल्टरनेटर, होल्डर यासाठी चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन. पार्टसाठीही नाना पेठच. एअरबॅग, चावीचं कोडिंग, कॉम्प्युटर बदलणं यासाठी कंपनीचं सर्व्हिस सेंटर किंवा योग्य स्कॅनर असलेला माणूस. जाताना लक्षण कागदावर लिहून न्या: कधी, गरम की थंड, पावसात की उन्हात, कुठला दिवा. “बॅटरी बदलून द्या” म्हणालात तर ते बदलूनच देतील. “सकाळी १२.५ येतं, सेल्फ मारताना १०.४, अर्थवर ०.६, बघता का?” म्हणालात तर समोरचा खुर्ची पुढे सरकवतो. जुना पार्ट परत मागा.

गाडी अजून घ्यायची असेल तर

मालकाला सांगा, मी येण्याआधी चालू करू नका. बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड असल्याची खात्री करा. चावी ऑनवर आणून थांबा, सेल्फ मारू नका. एअरबॅग, एबीएस, चेक इंजिन, बॅटरी, ऑइल हे सगळे दिवे आधी लागले पाहिजेत, आणि मग एअरबॅग, एबीएसचे आपोआप, तर चेक इंजिन, बॅटरी, ऑइलचे गाडी चालू केल्यावर विझले पाहिजेत. जो दिवा मुळात लागतच नाही तो जास्त धोक्याचा, कारण तो कोणीतरी काढलेला किंवा झाकलेला असू शकतो. डोंगल लावून कोड नसतील, पण गाडीच्या कॉम्प्युटरने स्वतः करायच्या तपासण्या ‘अपूर्ण’ दाखवत असतील, तर कोड नुकतेच पुसलेत. त्यानंतर प्रत्येक बटण दाबा. प्रत्येक म्हणजे प्रत्येक, मागच्या काचेचं सुद्धा.

मी बॉनेटच्या आतल्या बाजूला मास्किंग टेपची एक पट्टी लावून ठेवली आहे. त्यावर दर तीन महिन्यांनी तीन आकडे पेनने लिहितो: सकाळची बॅटरी, चालू गाडीचं चार्जिंग, सेल्फ मारताना अर्थवरचा फरक. शेवटच्या दोन ओळी अशा आहेत: १२.६, १४.२, ०.११ आणि १२.५, १४.२, ०.१९. तिसरा आकडा सरकायला लागलाय. या रविवारी पट्टीचा बोल्ट काढून घासतो.